मुलांना बोलू तरी द्या

महोदय, कॉमिक्स चित्रकाराने एका लहान चाहतीची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली, हा रविवारच्या पुरवणीतला लेख मनापासून आवडला. नाहीतर हल्ली कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्यात, सहीचं टोकन, फोटोचे पैसे वेगळे, आणि पोरगं तोंड उघडतंय तोवर व्हॉलंटियर 'चला पुढे' म्हणून सरकवतो. हे नाही पटत. १९४१ साली जो सायमनसोबत कॅप्टन अमेरिका हा सुपरहिरो उभा करणारे चित्रकार जॅक कर्बी घ्या, त्यांच्या कॅलिफोर्नियाच्या घरी शाळकरी पोरं थेट येऊन धडकायची आणि ते नवरा-बायको त्यांना आत घेऊन खायला घालायचे, गप्पा मारायचे. १९७० मध्ये सॅन दिएगोचं कॉमिक कॉन सुरू झालं ते शेल डॉर्फ हे वयाने मोठे कॉमिक्सप्रेमी आणि अशाच काही पोरांच्या धडपडीतून, आणि कर्बी तिथे पाहुणे होते. म्हणजे ज्या गर्दीचं कारण सांगून आज मुलांना पुढे ढकलतात ती गर्दी मुळात पोरांनीच जमवलीय ना! चित्रकारांना दोष नाही, सह्या करून हात भरून येतो त्यांचा. पण आयोजकांनी सकाळचा एक तास फक्त मुलांसाठी ठेवावा, सही फुकट, आणि कुणाला आपली चित्रं दाखवायची असतील तर दाखवू द्यावीत.

– एक वाचक