ऑफर लेटरवर सही करण्याआधी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आयटीआय, डिप्लोमा आणि पदवीचे निकाल लागले की गोव्यात वेर्णा, कुंडई, थिवीच्या कारखान्यांत मुलाखतींसाठी मुलांची रांग लागते. ‘मिळते ती नोकरी धर, सरकारीचे पुढे बघू’ हा घरचा सल्ला आता मालकांनाही पाठ झाला आहे आणि पगारही त्याच बेताने सांगितला जातो. म्हणून ऑफर वाचायची कशी आणि नाकारायची कधी, याविषयी हे पत्र.

‘वर्षाला तीन लाख’ म्हणजे महिन्याला 25 हजार हातात, असे नव्हे. हा आकडा सीटीसीचा, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा जो एकूण खर्च होतो त्याचा. बेसिक, म्हणजे मूळ पगार, 12,500 धरा. त्यावर कंपनीच्या वाट्याचा 12 टक्के पीएफ 1,500, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना कंपनी देते त्या रकमेची) 4.81 टक्के तरतूद 601 आणि 8.33 टक्के बोनस 1,041 हे बहुतेक वेळा त्या 25 हजारांतच बसवलेले असते. उरले 21,858. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ 1,500 कापला की हातात 20,358. बोनस वर्षातून एकदा मिळतो, ग्रॅच्युइटीसाठी तर कायम कामगाराला साधारण पाच वर्षे थांबावे लागते. बेसिक मुद्दाम कमी आणि भत्ते भरमसाट असतील तर या तिन्ही रकमा आक्रसतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरावा लागतो. तेव्हा पगाराची महिनावार फोड (ब्रेकअप) ईमेलवर मागून घ्यावी.

सर्वांत मोठी फसगत बारा तासांच्या शिफ्टमध्ये होते. आठवड्याला 48 तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दर द्यावा लागतो. महिन्याचे 26 दिवस धरले तर नेहमीचे 208 तास आणि जादा 104 तास, आणि हे जादा तास दुपटीने पुन्हा 208 तासांइतके. म्हणजे बारा तासांच्या शिफ्टला सांगितलेले 18 हजार आठ तासांच्या हिशेबाने नऊच हजार होतात! असली ऑफर तिथल्या तिथे नाकारावी.

हॉटेलात ‘पगार अधिक सर्व्हिस चार्ज’ असे सांगतात. ग्राहकावर सर्व्हिस चार्जची सक्ती करता येत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये मान्य केले आहे. तेव्हा तो पगारात धरू नये. शिवाय पावसाळ्यात हॉटेल रिकामे असताना पगार पूर्ण मिळणार का, हे आधी विचारून घ्यावे.

बोलणी करायची ती ऑफर हातात आल्यावर आणि होकार देण्याआधी. ‘18 ते 22’ असे सांगितले की 18 च मिळतात, म्हणून एकच आकडा सांगावा. तो ठरवताना सत्तरी किंवा काणकोणहून वेर्ण्याला रोज जाण्या-येण्याचा खर्च, नाहीतर तिथले खोलीभाडे आणि खाणावळ, आधी कागदावर मांडावी. जुना पगार फुगवून सांगू नये, सॅलरी स्लिप आणि पीएफच्या नोंदींवरून तो कळतोच. ‘बजेट नाही’ असे उत्तर आले तर कंपनीची बस, कँटीन, नाईट शिफ्टचा भत्ता किंवा सहा महिन्यांनी ठरावीक वाढ मागावी. मात्र ही वाढ आकड्यासह ऑफर लेटरमध्ये हवी. तोंडी शब्द देणारा एचआर तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

नकार दोन ओळींत पुरतो: ‘ऑफरबद्दल आभारी आहे. हातात 22 हजारांखाली ही जबाबदारी घेणे मला शक्य नाही. आकड्यात बदल झाल्यास जरूर कळवावे.’ पुष्कळदा यावर फोन येतो. न आला तरी पुढच्या जागेसाठी दार उघडे राहते. मूळ प्रमाणपत्रे मात्र पडताळणीपुरतीच दाखवावीत, ठेवून घेण्यास देऊ नयेत. देऊ केलेला पगार किमान वेतनाहून कमी वाटला, तर पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चालू दर विचारता येतात.

आपला,
एक वाचक, फोंडा