मंत्रिमहोदय, माझ्या मुलाचे डोळे ‘स्वच्छ’ आहेत म्हणे!

मा. आरोग्यमंत्री महोदय यांस,
सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिरातून माझ्या एकवीस वर्षांच्या मुलाला परत पाठवलं. शेरा काय, तर ‘डोळे स्वच्छ, दोष नाही’. समोरच्या माणसाचा चेहरा त्याला दिसत नाही, साहेब. आधी उजवा डोळा गेला, दोन महिन्यांत डावा. दुखलं नाही, लाल झाला नाही. आम्ही थेंब घालत बसलो, कारण जेटीच्या उद्घाटनाला आपण कबूल केलेला तज्ज्ञ अजून पोचलेला नाही. २०११ पासून चौपदरी होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गावर अडकला असेल.

निदान शेवटी मुंबईत झालं : लेबर्स हेरेडिटरी ऑप्टिक न्यूरोपथी, म्हणजे डोळ्याची नस निकामी करणारा आनुवंशिक आजार. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात स्वतःची ३७ जनुकं असतात. त्यांच्या लिपीत एका अक्षराचा बदलही या आजाराला पुरतो. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतापेशींना ऊर्जा फार लागते. मायटोकॉन्ड्रिया बिघडला की त्यातून सायटोक्रोम सी बाहेर सांडतं, कॅस्पेज नावाची विकरं जागी होतात आणि पेशी स्वतःलाच मोडून टाकते. एरवी शरीरात रोज हजारो कोटी पेशी अशाच शिस्तीत मरतात. गर्भात बोटं सुटी होतात तीही त्यामुळेच. तिथे हुकूम सुटला की फाइल आपल्या खात्यासारखी टेबलावर पडून राहत नाही! आणि सुरुवातीला डोळ्याचा पडदा ठीकठाक दिसू शकतो, हेही बाई म्हणाल्या. शिबिरातल्या साहेबांना कुणी सांगायचं?

हा दोष आईकडून येतो. म्हणजे माझ्याकडून. माझी नजर शाबूत. हे घरी कळल्यापासून सासूबाई माझ्या हातचं जेवतात, पण माझ्याशी बोलत नाहीत.

माझ्या भावाच्या मुलांना धोका नाही, बहिणींच्या मुलांना आहे. दोघे ट्रॉलरवर खलाशी, सिगारेटी ओढणारे. धूम्रपानाने धोका वाढतो. रक्ताची तपासणी झाली तर निदान सिगारेट तरी सोडतील. पण आमच्याकडे नमुना कुणी घेत नाही. दुर्मिळ आजारांचं धोरण २०२१ चं, २०२२ मध्ये मदत ५० लाखांपर्यंत गेली. ५० लाख कोण मागतंय? एक नळी रक्त न्या! २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या अडीच टक्के आरोग्यावर खर्चणार होतात, ते कुठे मुरले? पाहुण्यांना ‘येवा, कोकण आपलाच आसा’, आणि आजारी पडलं की मुंबई गाठा.

मुलाची फेरतपासणी करा आणि भाच्यांचं रक्त तपासा. गणपतीत आपण येणार असल्याचे फलक लागलेत. तोवर झालं नाही, तर मुलाला घेऊन मंडपातच येते.

आपली,
एक मतदार, जिल्हा रत्नागिरी