बेशोचा खडक आणि भांगाची भरती

पुणे,
कार्तिक वद्य अष्टमी

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी प्रशांत महासागरातल्या तारावावर जपान्यांशी केलेल्या लढाईबद्दल तू नेमका प्रश्न विचारलास. एवढं मोठं आरमार बेटावर अडीच-तीन तास आग ओकत होतं, मग माणसं बेटावर पोचायच्या आधी पाण्यातच का पडली? मुंबई-पुण्याच्या माणसाला हे सांगायला दोन पानं खर्ची पडतात. तू मालवणचा, तुला एक शब्द पुरे: भांग, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती.

पत्राच्या डोक्यावर तिथी मुद्दाम घातली आहे. २० नोव्हेंबर १९४३ हा दिवसही कार्तिक वद्य अष्टमीच्याच सुमाराचा. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा आपला हिशेब तिकडे लागू नाही, बंदराबंदराचं पाणी वेगळं. पण अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग हे सगळ्या समुद्रांना सारखंच. त्यात त्या दिवशी चंद्र पृथ्वीपासून सर्वात लांबच्या टप्प्याजवळ होता, म्हणजे आधीच मंद असलेली ओढ आणखी ढिली. ही दोन्ही कारणं इतकी नेमकी एकत्र आलेले दिवस त्या वर्षात दोनच, एक एप्रिलमध्ये आणि दुसरा हा. हे गणित डोनाल्ड ओल्सन नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये मांडलं. तोवर चाळीसेक वर्षं लोक ‘पाणी लहरी निघालं’ एवढ्यावरच थांबत होते.

आता जागा डोळ्यापुढे आण. तारावा हे गिल्बर्ट बेटांतलं प्रवाळकंकण, आज किरिबाती देशात आहे. (उच्चार ‘किरिबास’. त्यांच्या लिपीत ‘ti’ चा ‘स’ होतो, म्हणून Betio हे ‘बेशो’. इंग्रजी अक्षरं एवढीच, माफ कर.) कंकणाच्या नैर्ऋत्य टोकाला बेशो. लांबी साडेतीन किलोमीटरच्या आत, रुंदी जिथे जास्त तिथे पाऊण किलोमीटरही नाही, उंची जेमतेम तीन मीटर. मध्यभागी जपान्यांनी बांधलेली धावपट्टी. सगळा खटाटोप तिच्यासाठी, कारण पुढे मार्शल बेटांकडे सरकायचं तर आधी ही पट्टी हातात हवी. किनाऱ्यापासून पाचशे ते हजार यार्डांपर्यंत प्रवाळाचा सपाट खडक, आणि उत्तरेला, लगूनच्या (कंकणाच्या आतल्या पाण्याच्या) बाजूला, त्या खडकाच्या कडेपर्यंत गेलेला एक लांब धक्का.

दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून हल्ला येणार असं जपान्यांनी धरलं होतं. सुरुंग आणि पाण्यातले अडथळे तिकडे दाट होते. म्हणून अमेरिकनांनी लगूनची उत्तर बाजू निवडली आणि तिचे तीन तुकडे पाडले, रेड १, रेड २, रेड ३. ही निवड चुकली नाही असंच माझं मत. घोळ झाला तो खडकाचा.

फौज उतरवायची मुख्य होडी म्हणजे हिगिन्स बोट, लाकडी, ३६ फुटी, पुढचा दरवाजा खाली पडणारी, छत्तीसेक माणसांची. भरलेल्या बोटीला खडकावरून सुखरूप जायला साधारण ४ फूट पाणी हवं. नियोजनाचा आकडा होता ५ फूट, म्हणजे हाताशी एक फूट शिल्लक. पण तो आकडा कशावर बेतला होता? जुन्या नकाशांवर आणि पूर्वी त्या भागात वावरलेल्या लोकांच्या सांगण्यावर. त्यांच्यातलेच फ्रँक हॉलंड हे तारावावर वर्षानुवर्षं राहिलेले गृहस्थ. भांगाला तिथे तीन फूटसुद्धा धड मिळणार नाही, असं ते सांगत होते. ते ऐकलं गेलं, पण तारीख हलली नाही. बेटावर उतरणाऱ्या मरीन डिव्हिजनचे सेनापती ज्युलियन स्मिथ यांनी मात्र माणसांना स्पष्ट सांगितलं होतं, बोटी खडकावरून जातील की चालत जावं लागेल, शक्यता निम्मी-निम्मी. जुगाराचा अंदाज त्यांना होता. डाव दुसऱ्यांच्या जिवावर होता, हेही त्यांना ठाऊक असणारच.

उतारा एकच होता, पाण्यात पोहून खडकावर चढणारं वाहन, एलव्हीटी. मूळ कल्पना फ्लोरिडाच्या दलदलीत वादळात अडकलेल्यांना काढण्यासाठी डोनाल्ड रोबलिंग यांनी बनवलेल्या गाडीची. रणगाड्यासारखे पट्टे, पट्ट्यांवर आडव्या उभट पात्या. पाण्यात त्या वल्ह्याचं काम करतात, खडकाला लागल्या की चाकाचं. वेग बेताचा, पत्रा पातळ. डिव्हिजनकडच्या जुन्या ७५ गाड्यांना ऑकलंडमध्ये जास्तीचे लोखंडी पत्रे ठोकून घेतले, आणि नव्या प्रकारच्या ५० ऐनवेळी सामोआमार्गे आल्या. एकूण १२५. डिव्हिजनच्या वरच्या कोअरचे सेनापती हॉलंड स्मिथ यांनी या गाड्यांसाठी आरमाराशी भांडण काढलं नसतं तर काय झालं असतं, त्याची कल्पनाही नको. पहिल्या तीन लाटा यांच्याच: ४२, २४ आणि २१. म्हणजे ८७ गाड्यांतून सुमारे १५०० माणसं. चौथ्या लाटेपासून पुढे सगळे हिगिन्स बोटींत. मेख इथे आहे. खडक ओलांडू शकणारं साधन पहिल्या तीन लाटांना पुरलं आणि संपलं.

आता तोफांचं. जहाजांनी त्या सकाळी तीन हजार टनांच्या आसपास दारूगोळा ओतला. पण जहाजं जवळ, बेट चपटं, त्यामुळे गोळे जमिनीला समांतर जात. पाण्यावर चपटा दगड मारला की टप्पे खात पुढे जातो ना, तसेच बरेच गोळे घसरून पलीकडच्या समुद्रात गेले. जपान्यांच्या मोर्च्यांच्या छपरांवर वरून कोसळणारा मारा हवा होता, तो मिळाला नाही. आणि छपरं कसली? तुला माडाचं खोड माहीत आहे. सागासारखं ते चिरफाळत नाही, सगळे तंतूच. गोळी आत रुतते आणि तिथेच राहते. जपान्यांनी ओंडके थरांनी रचून लोखंडी आकड्यांनी आवळले होते, वर प्रवाळाची वाळू कित्येक फूट. मोक्याच्या ठिकाणी काँक्रीट. जवळ पडलेल्या स्फोटाचा धक्का ती वाळू गिळून टाकायची. पाण्याच्या कडेला याच ओंडक्यांची तीन ते पाच फुटी भिंत.

वेळापत्रकही विसकटलं. सैनिकांची जहाजं प्रवाहाने सरकून किनाऱ्यावरच्या तोफांच्या टप्प्यात गेली, त्यांना हलवण्यात वेळ मोडला. विमानं उशिरा आली. उतरण्याची वेळ साडेआठवरून पावणेनऊ, मग नऊ. एलव्हीटी वाऱ्याविरुद्ध रखडत होत्या, आणि धुरात आपलीच माणसं मारली जातील या भीतीने जहाजांचा मारा नऊच्या आधीच थांबवला. गाड्या किनाऱ्यापासून अजून पंधरा मिनिटं लांब. तेवढ्या अवधीत दक्षिणेकडची जपानी माणसं उत्तरेच्या मोर्च्यांत येऊन बसली.

पहिल्या लाटा तरीही पोचल्या, नऊ वाजून दहा मिनिटांच्या आसपास. भिंत चढणं बहुतेक गाड्यांना जमलं नाही. माणसं भिंतीच्या आडोशाला, गाड्या उघड्यावर. पुढच्या लोकांना आणायला मागे फिरलेल्या गाड्यांपैकी ज्यांच्या पत्र्याला भोकं पडली होती त्या खडकावर तगल्या, कडेपलीकडे खोल पाण्यात शिरल्या की भरून बुडाल्या. लढाई संपेपर्यंत १२५ पैकी ९० निकामी झाल्या.

मागच्या बोटी खडकाच्या कडेला ठोकरल्या. दरवाजा पडला की समोर पाचशे-सातशे यार्ड पाणी, कुठे कमरेइतकं, कुठे छातीइतकं, मध्येच तोफगोळ्याने झालेल्या खड्ड्यात माणूस पाठीवरच्या ओझ्यासकट गडप. प्रवाळावर पाय ठरत नाही, धावता येत नाही. बंदूक डोक्यावर धरायची आणि चालायचं. समोरच्या मशीनगनचा मारा आधीच आखून ठेवलेला. त्यातल्या त्यात निवारा त्या लांब धक्क्याच्या खांबांचा. वायरलेस संच भिजून मेले. मेरीलँड या ध्वजनौकेचे संच तर तिच्याच तोफांच्या हादऱ्यांनी बंद पडत, त्यामुळे सेनापतीला किनाऱ्यावरचं चित्रच कळेना. किनाऱ्यावरचा सूत्रधार कर्नल डेव्हिड शूप, पायाला जखम घेऊन एका जपानी मोर्च्याच्या आडोशाला उभा.

१४ शर्मन रणगाडे होते. तेही खडकाच्या कडेला उतरले आणि पाण्यातून चालत आले. त्यांच्यापुढे माणसं पायी चालत खड्डे चुकवून वाट दाखवायची, हातात निशाणं. वाटाडे टिपले गेले. काही रणगाडे आपल्याच तोफांनी पाडलेल्या खड्ड्यांत बुडाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठव्या रेजिमेंटची पहिली बटालियन, रात्रभर बोटींत हिंदकळून झाल्यावर, याच वाटेने उतरवली. पाणी तेवढंच. तीनशेहून जास्त माणसं गेली किंवा जखमी झाली. पहिल्या दिवशी अंदाज चुकला, मान्य. दुसऱ्या सकाळची चूक मात्र मला समजून घेता येत नाही. दुपारी पाणी चढलं आणि बोटी खडकावरून यायला लागल्या. त्याच दिवशी पश्चिम टोक हाती आलं. मेजर मायकेल रायन यांनी रेड १ वरून विखुरलेली माणसं आणि उरलेले दोन रणगाडे गोळा करून ती पट्टी साफ केली होती. संध्याकाळी तिथे एक अख्खी बटालियन रबरी होड्यांतून जवळपास धक्का न लागता उतरली.

पहिल्या रात्री जपान्यांनी उलट हल्ला केला असता तर भिंतीच्या आडोशाची माणसं पाण्यात ढकलली गेली असती. तो झाला नाही. त्यांच्या टेलिफोनच्या तारा पुरेशा खोल पुरलेल्या नव्हत्या, तोफमाऱ्यात तुटल्या. त्यांचे सेनापती अ‍ॅडमिरल शिबासाकी बहुधा पहिल्याच दुपारी, जागा बदलताना, विनाशिकांच्या गोळ्यांनी मारले गेले. म्हणजे जो मारा मोर्चे फोडू शकला नाही त्याने तारा तोडल्या, आणि बहुधा नेमका हवा तो माणूस टिपला.

मोर्चे अखेर हातानेच फोडावे लागले. काही जण भोकावर सतत गोळ्या झाडून आतल्याला डोकं वर काढू देत नाहीत. एक जण कडेने सरपटत जाऊन टीएनटीची थैली फेकतो किंवा काठीला बांधून आत सारतो. मागोमाग ज्वालाफेकी. पाठीवर सुमारे ७० पौंड, आणि धार जेमतेम आठ-दहा सेकंद, म्हणून अगदी तोंडाशी जावं लागतं. मागचं दार विसरलं की मेलेला मोर्चा तासाभराने पुन्हा जिवंत, कारण आत खंदकातून नवी माणसं यायची. रेड ३ जवळचा वाळूने झाकलेला मोठा बंकर लेफ्टनंट बॉनीमन यांच्या टोळीने २२ तारखेला वर चढून, हवेच्या झरोक्यांतून स्फोटकं सोडून मोकळा केला. ते स्वतः तिथेच पडले. त्यांची हाडं बेशोच्या वाळूतून २०१५ मध्ये सापडली.

२३ तारखेच्या दुपारी, ७६ तासांनी, बेट पडलं. अमेरिकेचे हजारावर मेले, दोन हजारांहून जास्त जखमी. पावणेपाच हजारांच्या आसपास असलेल्या शिबंदीतले जिवंत हाती लागले ते १७ जपानी आणि १२९ कोरियन मजूर. कोरियन स्वखुशीने आलेले नव्हते, हे सहसा कुणी लिहीत नाही म्हणून लिहिलं.

दोनच महिन्यांनी, जानेवारी १९४४ अखेर, मार्शल बेटांतल्या क्वाजालेनवर हल्ला. तिथे मारा दिवसांच्या हिशेबाने, वरून कोसळणारा. बेशोसारखे मोर्चे हवाईजवळच्या काहोओलावे बेटावर मुद्दाम बांधून त्यांवर आधी नेमबाजी करून पाहिली. एलव्हीटी कितीतरी जास्त, काहींवर तोफा. आणि खडकावर किती पाणी आहे ते प्रत्यक्ष जाऊन पाहणारी आरमाराची माणसं, जी पुढे पाण्यात बुडी मारून सुरुंग-अडथळे उडवणाऱ्यांची पथकं म्हणून नावारूपाला आली. ओळंबा घेऊन पाणी मोजायचं काम, बाकी काही नाही.

तुझ्याकडून एक हवं आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्याखालच्या खडकावर आज भांगाला पाणी गुडघ्याला लागतं की कमरेला, आणि पौर्णिमेला किती, ते काठी धरून मोज आणि दोन्ही आकडे वेळेसकट कळव. तुझा तो तांडेल काय सांगतो तेही लिही, पण आधी मोज.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर