लाईनवर कोणीच नव्हते

हाउन्स्लो, लंडन
१० जुलै २०२५

प्रिय अविनाश,
स. न. वि. वि.

इथे येऊन इतके दिवस झाले तरी माझे पत्र नाही, म्हणून तू एव्हाना वहिनींसमोर माझा यथेच्छ उद्धार केला असशील. माझी साखर आटोक्यात आहे, सुमनचे गुडघे होते तसेच आहेत, नातवाला दात येत आहेत. प्रकृतीचे प्रकरण इथे संपले. लिहायला बसलो ते विम्बल्डनबद्दल, आणि ते तुलाच लिहिता येण्यासारखे आहे. शेखरला फोनवर थोडे सांगून पाहिले, तर तो म्हणाला, "टेनिस बघायला मिळाले ना, मग रडतोस कशाला?" त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा नव्हतीच.

पहिल्या आठवड्यातल्या मंगळवारी गेलो. सोडतीत तिकीट लागण्याचे नशीब आपले नाही, तेव्हा रांग हाच मार्ग होता. पहाटेच्या गाडीने निघून अर्ल्स कोर्टला डिस्ट्रिक्ट लाईन पकडली आणि साउथफील्ड्सला उतरलो. विम्बल्डन पार्कच्या हिरवळीवर पोचलो तेव्हा रात्रभर तंबू ठोकून झोपलेली मंडळी उठून दात घासत होती. तारीख आणि क्रमांक छापलेले एक कार्ड हातात मिळते. रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून आपण दोघे कट्ट्यावर जाऊन बसायचो, ती विद्या इथे चालत नाही. जागा माणसाची असते, आणि माणूस फार वेळ दिसेनासा झाला की जागाही जाते. सेंटर कोर्ट, नंबर एक आणि नंबर दोन यांची प्रत्येकी सुमारे पाचशे तिकिटे या रांगेसाठी राखलेली असतात, पण ती तंबूवाल्यांनाच मिळतात. मला तीस पौंडांचा ग्राउंड पास मिळाला, म्हणजे मोठी कोर्टे सोडून बाकी कुठेही जाऊन बसावे. ऊन असे की सांगली आठवावी. सुमनने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. घरचा डबा आत नेऊ देतात हे ऐकून तुझे इंग्रजांबद्दलचे मत सुधारेल. स्ट्रॉबेरी आणि क्रीमही घेतले. २०१० पासून अडीच पौंडांवर थांबलेला त्याचा भाव यंदा दोन पौंड सत्तर पेन्स झाला, याची इथे केवढी चर्चा झाली!

आता मुख्य गोष्ट. बाहेरच्या बाजूच्या एका लहानशा कोर्टावर मला अगदी पुढच्या बाकावर जागा मिळाली. खेळाडूच्या बुटांचा गवतावर घसरण्याचा आवाज ऐकू येत होता. एक चेंडू उडून माझ्या पायाशी आला, तो उचलून परत टाकताना पाहिले, तर त्याच्या पिवळ्या लवेवर गवताचा ओला हिरवा ओरखडा होता. गवत आठ मिलिमीटरवर कापलेले, आणि स्पर्धा नुकतीच सुरू झाल्यामुळे बेसलाईनपाशीही, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेपाशीही, हिरवे. (तुझा बेकर आणि माझा एडबर्ग खेळायचे तेव्हा नेटकडे जाणारी पायवाटच पडायची. आता नेटकडे फारसे कोणी फिरकत नाही, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात माती दिसते ती बेसलाईनपाशीच. १९८८ आणि १९९० चे त्या दोघांमधले अंतिम सामने कोणी जिंकले, ते जाता जाता आठवून ठेव. १९८९ बद्दल बोलण्याचे कारण नाही.)

पहिले दोन गेम मी मन लावून पाहिले आणि मला काहीही खटकले नाही. मग एक सर्व्हिस मधल्या लाईनच्या किंचित बाहेर पडली, कुठून तरी एका बाईच्या स्वच्छ, शांत आवाजात "फॉल्ट" असे ऐकू आले, आणि मी सवयीने तुला शोधले. म्हणजे तुझ्या जागेवरच्या माणसाला. गुडघ्यांवर हात ठेवून, मान न हलवता, वाकून उभे राहण्यात जिथे तुझी कंबर गेली, त्या मागच्या पडद्याजवळच्या जागी कोणीच नव्हते. १८७७ पासून चाललेल्या या स्पर्धेत यंदा प्रथमच चेंडू आत की बाहेर ते सांगणारे तुझ्यासारखे लाईन्समन नाहीत, हे मी वाचले होते आणि निघताना आपण त्यावर बोललोही होतो. पण त्या मोकळ्या जागेकडे पाहिल्यावर पोटात जे झाले ते वाचून झाले नव्हते. आवाज विम्बल्डन भरवणाऱ्या क्लबमधल्याच माणसांकडून आधी बोलून घेतलेले आहेत, कॅमेऱ्यांनी निर्णय दिला की यंत्र ते वाजवते. मोठ्या कोर्टावर पूर्वी नऊ-नऊ जण असायचे. सुमारे तीनशे लाईन्समनपैकी ऐंशी जणांना मॅच असिस्टंट म्हणून ठेवून घेतले आहे. खेळाडू स्वच्छतागृहाकडे निघाला तर त्याच्यासोबत जायचे आणि यंत्र बंद पडले तर अंपायरला मदत करायची, हे त्यांचे काम. तू असा कोणाच्या तरी सोबतीला निघाला आहेस हे चित्र डोळ्यांसमोर आले आणि मी एकटाच इतका हसलो, की शेजारच्या आजीबाईंनी टोपी सावरून माझ्याकडे पाहिले.

पुढे एक प्रसंग झाला, तो नीट सांगतो. एक पोरगेला खेळाडू ब्रेक पॉइंट वाचवत होता. त्याचा फोरहँड लाईनवर पडला असे मला वाटले, त्यालाही वाटले, आणि आवाज आला, "आऊट". त्याने दोन्ही हात पसरले आणि लाईनच्या टोकाकडे पाहिले. तिथे कोणी नाही. मागे पाहिले, तिथे फक्त पडदा. मग अंपायरकडे पाहिले, तर त्यांनी खांदे किंचित उडवले, कारण निर्णय त्यांचा नव्हताच. पोरगा क्षणभर तसाच उभा राहिला आणि मग मुकाट्याने टॉवेल घ्यायला गेला. अविनाश, त्याला भांडायला माणूस नव्हता रे!

इथे तुला १९८६ ची आपल्या क्लबची फायनल आठवली असेल, आणि आठवावीच. माझा तो बॅकहँड आत होता. मातीच्या कोर्टावर खूण पडली होती, ती पाहायला मी नेट ओलांडून येईपर्यंत ती कोणाच्या तरी बुटाखाली गेली. तुझ्या की आप्पा माळ्यांच्या, यावर आपण गणपतीपासून संक्रांतीपर्यंत एकमेकांशी बोललो नाही. तिळगूळ देताना तू "गोड बोला" म्हणालास आणि त्याच श्वासात "चेंडू बाहेरच होता" अशी पुस्ती जोडलीस. माझे मत आजही तेच आहे. पण त्या चार महिन्यांत मी तुझ्यावर जेवढा विचार केला तेवढा नंतर कधी केला नसेन. मातीवर निदान खूण तरी पडते, म्हणून फ्रेंच ओपनवाल्यांनी लाईन्समन अजून ठेवले आहेत. गवतावर तेही नाही. म्हणूनच तर मॅकेन्रोने १९८१ मध्ये इथे लाईनचा खडू उडाल्याची साक्ष काढून अंपायरसमोर एवढा तमाशा केला.

यंत्राच्या बाजूने काय बोलता येईल ते तू मला शिकवू नकोस. सर्व्हिस पाहणारे सायक्लॉप्स १९८० मध्ये इथे आले तेव्हा आपण शाळेत होतो, आणि २००७ मध्ये कॅमेऱ्यांचे हॉक-आय आले तेव्हा "डोक्यावरचे ओझे उतरले" असे म्हणणारा तूच होतास. बालेवाडीला त्या परदेशी खेळाडूने तुझ्याकडे रोखून पाहत रॅकेट आपटली, त्या रात्री तू जेवला नाहीस. ते जेवण माझ्याच घरी होते आणि सुमनने आमटी तीनदा गरम केली होती. तेव्हा माणसाला हे सारे सोसायला लावावे असे मी म्हणत नाही. बहुतेक निर्णय बिनचूक येत असतील तर तक्रार कशाची करायची, असे स्वतःला बजावत मी त्या दिवशी घरी परतलो.

पण रविवारी जे झाले त्याने झोप उडवली. सेंटर कोर्टवर पावल्युचेन्कोवा आणि इंग्लंडची सोने कार्टल, चौथी फेरी, पहिल्या सेटमध्ये ४-४. पावल्युचेन्कोवाच्या सर्व्हिसवर तिचाच गेम पॉइंट, आणि कार्टलचा फटका स्पष्टपणे बाहेर पडला. आवाज आलाच नाही. खेळ थांबला, अंपायरने फोन लावला, आणि यंत्राला हा चेंडू दिसला नाही असे सांगून पॉइंट पुन्हा खेळायला लावला. तिचा तो गेम गेला; गेम चोरला म्हणून ती अंपायरला बोलली, आणि पुढे टायब्रेकमध्ये सेट जिंकून सामनाही तिने घेतला, हा भाग वेगळा. चालवणाऱ्याच्या हातून कोर्टाच्या एका बाजूची यंत्रणा चुकून बंद राहिली होती, असा खुलासा क्लबने केला आणि क्षमाही मागितली. परवा मंगळवारी फ्रिट्झ आणि खाचानोव यांच्या सामन्यात याच्या उलट: रॅली चालू असताना आत पडलेल्या चेंडूवर यंत्र "फॉल्ट" म्हणून ओरडले.

यंत्र चुकले याचे मला काही वाटत नाही, चुकायचेच. मला छळते आहे ते खुर्चीवरच्या माणसाचे. यंत्र गप्प राहिले तर अंपायरने स्वतः निर्णय द्यावा, अशी नियमात सोय आहे. चेंडू बाहेर होता हे इथे बैठकीच्या खोलीत माझ्या जावयाला दिसले, आणि तो क्रिकेटवाला आहे. त्या उंच खुर्चीवरच्या अनुभवी माणसाला मात्र "आऊट" म्हणवले नाही. तू नव्या पोरांना शिकवायचास ना, की दिसले ते बोला आणि लगेच बोला, दुसऱ्यांदा विचार केलात तर डोळ्यांवरचा विश्वास जाईल? मी तेव्हा तुझी टिंगल केली होती. आता रात्री पडल्या पडल्या तेच वाक्य मनात घोळते, आणि माझे स्वतःचे डोळे त्या लहान कोर्टावर दोन गेममध्ये कसे निवले तेही आठवते. तिसऱ्या गेमला ती सर्व्हिस लाईनजवळ पडली नसती, तर मला तुझी आठवण दुपारपर्यंत आलीच नसती.

म्हणून स्पष्टच लिहितो. निघताना तू म्हणालास की यंत्रे आली, आता पुरे, नोव्हेंबरच्या स्पर्धेला नकार कळवतो. तेव्हा मी मान डोलावली, कारण तुझी कंबर मला दिसत होती. आता सांगतो, नकार कळवू नकोस. छोट्या स्पर्धांत अजून माणसे लागतात आणि तिथे येणाऱ्या पोरांना भांडायला कोणी तरी समोर हवे. दिवसाला एकच सामना घे, पट्टा बांध, पण उभा राहा.

बाकी मीराच्या लग्नाची तारीख ठरली का, ते कळव. आम्ही ऑगस्टमध्ये परत येतो, त्याआधी धरू नका. वरच्या मजल्याची गळती काढली असशीलच. पन्हाळ्याच्या जागेबाबत भाऊसाहेब काय म्हणाले? उद्या पुरुषांचे उपांत्य सामने आहेत, ते घरीच पाहणार. वहिनींना नमस्कार. आणि शेखरचे ते तीन हजार एकदाचे देऊन टाक, तो इथे फोन करून मला विचारतो.

तुझा,
श्रीकांत