एका दगडाने सगळेच आरोपी

माननीय संपादक,

लाठीमाराची बातमी आली की 'पुढच्या वेळी आपणही हात दाखवू' अशी भाषा सुरू होते. राग खोटा नाही. पण मोर्चांत स्वयंसेवक म्हणून वावरणाऱ्या आम्हा मंडळींना या भाषेतला तोटा आधी दिसतो, तो अहिंसेच्या तत्त्वापेक्षा कायद्याच्या कलमांमुळे.

भारतीय न्याय संहितेत बेकायदा जमावाला पाच माणसे पुरतात (कलम १८९). जमताना कायदेशीर असलेला जमाव नंतर बेकायदा ठरू शकतो, हेही तिथेच लिहिले आहे. समान उद्देशासाठी एकाने गुन्हा केला की जमावातला प्रत्येक जण दोषी (१९०), आणि एकाने बळ वापरले की सगळ्यांवर दंग्याचा आरोप (१९१). म्हणजे मागून कोणा पोराने भिरकावलेला चिऱ्याचा तुकडा पुढे बसलेल्या साठीच्या बाईच्या नावावर चढतो. मग पोलिसांनी गरजेपेक्षा जास्त बळ वापरले का, हा खरा प्रश्न कोणी विचारत नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या मेळावलीत ६ जानेवारी २०२१ रोजी आयआयटीच्या जमिनीवरून लाठी आणि अश्रुधूर चालला. गावाने प्रकल्प परतवला, १५ जानेवारीला सरकारने जागा सोडली. तरी त्या दिवसाबद्दलची अर्धी चर्चा दगडांवरच खर्ची पडली.

दगड बहुधा ठरलेल्या दोन वेळी येतो. पहिली, बॅरिकेडपाशी. पुढचे थांबतात, मागच्यांना ते दिसत नाही, रेटा येतो आणि पोलिसांच्या वायरलेसवर त्याचा 'बॅरिकेड तोडण्याचा प्रयत्न' होतो. उपाय साधा आहे: बॅरिकेडच्या चार-पाच मीटर आधीच पहिल्या तीन रांगा खाली बसवाव्यात आणि तशी सूचना मागच्या टोकाला दुसऱ्या भोंग्यावरून द्यावी. एकच भोंगा, तोही पुढाऱ्याच्या हातात, ही आपली जुनी खोड. दुसरी वेळ म्हणजे शिष्टमंडळ निवेदन घेऊन मामलेदाराच्या किंवा जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत शिरते ती. सगळे बोलके लोक आत, बाहेर उन्हात हजार माणसे आणि सांगणारा कोणी नाही. निम्मे जाणते बाहेर ठेवावेत आणि दर पंधरा मिनिटांनी आतली खबर बाहेर सांगावी, भले 'अजून चहाच चालला आहे' इतकीच.

पंचवीस माणसांमागे एक स्वयंसेवक हवा, हाताला पट्टी, दोन्ही कडांना दोर. तोंड झाकलेल्या अनोळखी माणसाशी हुज्जत घालू नये; दोघांनी त्याच्या शेजारी बसून नाव-गाव विचारावे. बहुतेक वेळा तो उठून जातो. परत जायचा एक रस्ता कायम मोकळा असावा, कारण चेंगराचेंगरीनेही माणसे जायबंदी होतात.

पोलिसांच्या बाजूचेही नियम आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) कलम १४८ प्रमाणे आधी पांगण्याचा हुकूम, तोही कार्यकारी दंडाधिकारी, ठाणेप्रमुख किंवा त्याच्या गैरहजेरीत किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी देतो. हुकूम न मानल्यावर, किंवा पांगायचे नाही असा निर्धार जमावाच्या वागण्यातून दिसल्यावरच बळ. म्हणून एकाने फक्त घड्याळ पाहून लिहायचे: हुकूम कोणी, कोणत्या भाषेत, किती वाजता दिला, पहिली लाठी किती वाजता पडली. या दोन वेळांतले अंतर कोर्टात दहा भाषणांपेक्षा जास्त बोलते. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे (कलम ३६). दंगाविरोधी जाकिटाखाली पाटी झाकली जाते, तेव्हा हेल्मेटवर ठळक क्रमांक असावा, ही मागणी आपण पोलीस मुख्यालयाकडे लावून धरायला हवी.

मार बसलाच तर पहिले काही तास महत्त्वाचे. लाठीचा वळ ओळखू येतो: दोन समांतर लाल रेषा, मधे फिकट कातडी. दोनतीन दिवसांत तो काळानिळा, पुढे हिरवट-पिवळा होतो आणि आकार विरतो. त्याच दिवशी, दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा, आणि एक चेहऱ्यासह. मूळ फाइल फोनमध्ये जपावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीतून वेळेची नोंद निघून जाते. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा जिल्हा इस्पितळात 'पडलो' असे सांगू नये. भीतीपोटी लोक ते सांगतात आणि केस तिथेच संपते. डॉक्टरला जागा, सेंटिमीटरमध्ये लांबी, रंग आणि 'पोलिसांच्या लाठीने, असे रुग्ण सांगतो' हे शब्द लिहायला लावावेत. अटक झाली असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ खाली वैद्यकीय तपासणी होते. तिच्या अहवालाची प्रत मिळणे हा हक्क आहे.

गोव्याच्या सरहद्दीवर पात्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी निःशस्त्र सत्याग्रही गोळ्यांसमोर चालत गेले. त्या दिवसाविषयी पोर्तुगालच्या सालाझारची राजवट जगाला काहीही सांगत राहिली, पण सत्याग्रहींच्या हातात शस्त्र होते असे कोणाला पटवता आले नाही. तेवढी हिंमत आज कोणी मागत नाही. रिकामे हात आणि नीट ठेवलेली वही मात्र मागता येते.

तक्रार ठाण्यात घेतली नाही तर ती लेखी पोलीस अधीक्षकाकडे टपालाने पाठवावी, त्यानंतर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण गोव्यात आहे; मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करायला घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण १८ महिने, अगदीच नाही तर वर्षभर जपायचे असते. त्या चित्रणासाठीचा अर्ज तारीख-वेळ घालून पहिल्याच आठवड्यात द्यावा आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.

आपले,
मोर्चांत स्वयंसेवक म्हणून काम करणारे काही नागरिक, फोंडा