सुंदर नर्सरीतील झाडांचे श्रेय

दिल्लीच्या सुंदर नर्सरीविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेखाचा भर कारंजी, हिरवळ आणि नव्याने उजळलेला सुंदरवाला बुर्ज (तेथील मुघलकालीन मकबरा) यांवर आहे. हे सारे देखणे आहेच. तथापि या उद्यानाचे मोठे यश वृक्षसंपदेच्या जतनात आहे आणि लेखात त्याचा उल्लेखही नसावा, याची खंत वाटते.

नवी दिल्ली वसवताना तेथील हवामानात कोणती झाडे तग धरतील, हे पडताळण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी ही रोपवाटिका सुरू झाली. आगाखान ट्रस्ट आणि सरकारी यंत्रणांनी 2007 मध्ये हाती घेतलेल्या पुनरुज्जीवन प्रकल्पातून सुमारे 90 एकरांचा हा परिसर 2018 मध्ये लोकांसाठी खुला झाला, तेव्हा केवळ मकबऱ्यांची डागडुजी झाली नव्हती, तर डोंगराळ, नदीकाठची, गाळाची आणि पाणथळ अशी दिल्लीची चारही भूरूपे वनस्पतींसह तेथे उभी करण्यात आली होती. गेल्या हिवाळ्यात तेथे गेलो असता शाळकरी मुले झाडांवरील नावांच्या पाट्या वाचत वहीत टिपून घेताना दिसली, हे मला त्या बुर्जाइतकेच मोलाचे वाटले.

‘इतर शहरांनी हा कित्ता गिरवावा’ या लेखकाच्या मताशी मी सहमत आहे. मात्र उद्यानांच्या सुशोभीकरणाचे आराखडे मंजूर करताना महापालिकांनी पेव्हर ब्लॉक आणि रोषणाईच्या खर्चाआधी त्या जागेतील झाडांची नोंद वनस्पतितज्ज्ञांकडून करून घेणे बंधनकारक करावे.

– एक वाचक, पुणे