पोर्तुगालमध्ये घर घेण्याआधी तिथे एक हिवाळा काढावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या मालमत्ता पुरवणीत पोर्तुगालमधल्या समुद्रकाठच्या घरांच्या जाहिराती अलीकडे वरचेवर दिसतात. पुण्या-ठाण्याचे नातेवाईक त्यांची छायाचित्रे मला पाठवतात आणि ‘घ्यावे का?’ असे विचारतात. मी बरीच वर्षे लिस्बनमध्ये राहते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे स्वाभाविक आहे. प्रत्येकाला वेगळे उत्तर देत बसण्यापेक्षा जे सांगायचे ते आपल्या वाचकांपुढेच मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

घराबरोबर युरोपात राहण्याचा परवाना मिळतो, असा समज या जाहिरातींमधून पसरतो. ऑक्टोबर 2012 मध्ये सुरू झालेल्या ‘गोल्डन व्हिसा’ योजनेत पाच लाख युरोंची मालमत्ता घेणाऱ्या परदेशी नागरिकाला निवास परवाना मिळत असे, हे खरे आहे. मात्र 2022 पासून लिस्बन, पोर्तो आणि दक्षिणेकडच्या अल्गार्व प्रांताचा किनारपट्टा राहत्या घरांपुरता त्यातून वगळण्यात आला आणि ऑक्टोबर 2023 मध्ये अमलात आलेल्या कायद्याने मालमत्ता खरेदीचा मार्ग पूर्णच बंद केला. घर आजही घेता येते, पण दुसऱ्या कोणत्याही आधारावर परवाना नसेल, तर भारतीय मालकाला पर्यटक म्हणून व्हिसा काढूनच यावे लागते आणि कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपेक्षा अधिक काळ स्वतःच्या घरातही राहता येत नाही.

जाहिरातीतले छायाचित्र बहुधा जून-जुलैतले असते. आपल्याकडे पाऊस उन्हाळा संपवतो, तर इथे तो हिवाळ्यात, थंडीबरोबरच येतो. कोकणच्या मानाने तो काहीच नाही, परंतु भिंतींना थर्मल आवरण नाही, खिडक्या एकेरी काचेच्या आणि घर तापवण्याची मध्यवर्ती सोय नाही, अशा जुन्या घरांत नोव्हेंबर ते मार्च ओल धरते, कपाटामागे बुरशी येते आणि बाहेरच्यापेक्षा आत अधिक गारठा वाटतो. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी संस्थेच्या 2023 च्या पाहणीत, घर पुरेसे उबदार ठेवणे परवडत नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण पोर्तुगालमध्ये सुमारे 21 टक्के, म्हणजे स्पेनच्या बरोबरीने युरोपीय संघात सर्वाधिक होते. पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या दुपारी उत्तरेचा बोचरा वारा सुटतो आणि अटलांटिकचे पाणी ऑगस्टमध्येही इतके थंड असते की अलिबाग-गणपतीपुळ्याच्या सवयीचा माणूस घोट्यापलीकडे जात नाही. अल्गार्वचे पाणी थोडे उबदार खरे, पण तिथली कितीतरी गावे ऑक्टोबरनंतर ओस पडतात आणि निम्मी उपाहारगृहे कुलूपबंद असतात. म्हणून माझा पहिला आग्रह असा की, ज्या गावात घर घ्यायचे आहे तिथेच जानेवारी-फेब्रुवारीत भाड्याने राहावे, बसने हिंडावे, आरोग्यकेंद्र किती लांब आहे ते पाहावे आणि शेजाऱ्यांशी मोडक्यातोडक्या का होईना, पण पोर्तुगीजमध्ये बोलावे. विक्रेत्याच्या खर्चाने आखलेल्या चार दिवसांच्या दौऱ्यात यातले काहीच कळत नाही.

किनाऱ्याच्या जमिनीची गोष्ट तर आपल्या लोकांनी विशेष समजून घ्यावी. आपल्याकडे भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा सीआरझेडखाली, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्रात येतो, तिथे मुख्य प्रश्न बांधकामाचा असतो. पोर्तुगालमध्ये प्रश्न मालकीचाच आहे. मोठ्या भरतीच्या रेषेपासून 50 मीटरची पट्टी कायद्याने सार्वजनिक मानली जाते आणि ती खासगी आहे असे म्हणणाऱ्याला, ती 31 डिसेंबर 1864 च्या आधीपासून खासगी होती हे सिद्ध करावे लागते. कड्यांवरच्या जमिनीसाठी ही तारीख 22 मार्च 1868 आहे. एवढे जुने कागद किती घरांकडे असणार? अल्गार्वमधल्या रिया फोर्मोझाच्या वाळूच्या बेटांवर अशा सार्वजनिक जमिनीवरची घरे सरकारने गेल्या दशकात पाडलीही. त्यात समुद्र स्वतःही पुढे सरकत आहे. उत्तरेकडच्या ओव्हार गावाच्या बाजूला किनाऱ्याची धूप जुनीच आहे, लिस्बनसमोरच्या कोश्ता द कापारिकाला पुन्हापुन्हा वाळू आणून टाकावी लागते आणि 2009 च्या ऑगस्टमध्ये अल्बुफेराजवळच्या मारिया लुईझा किनाऱ्यावर कडा कोसळून पाच माणसे दगावली. कड्याच्या टोकावरचे घर छायाचित्रात सर्वांत देखणे दिसते, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

भूकंपाचा उल्लेख जाहिरातीत अर्थातच नसतो. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपाने आणि त्यामागून आलेल्या त्सुनामीने लिस्बन उद्ध्वस्त केले, आणि 26 ऑगस्ट 2024 च्या पहाटे सिनेशजवळच्या समुद्रात झालेल्या 5.3 तीव्रतेच्या धक्क्याने आम्हा सर्वांना जागे केले. भूकंपरोधक बांधकामाचे नियम इथे 1958 मध्ये आले. त्याआधीची इमारत घेताना आतल्या भिंती कोणी काढल्या आहेत का, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे, कारण नूतनीकरणाच्या नावाखाली त्या सर्रास काढल्या जातात.

कागदपत्रांची वाट मराठी माणसाला तशी अनोळखी वाटणार नाही. आधी करक्रमांक, मग विसार देऊन साठेखत, मग खरेदीखत आणि नोंदणी. खरेदीदाराने माघार घेतली तर विसार जातो, विक्रेत्याने घेतली तर त्याला तो दुप्पट परत करावा लागतो. त्यामुळे साठेखतावर सही करण्याआधीच सगळी छाननी झाली पाहिजे. आपण सातबारा किंवा इंडेक्स टू पाहतो, तसा नोंदणी कार्यालयाचा चालू उतारा आणि करखात्याचा मालमत्ता उतारा जुळवून पाहावा. क्षेत्रफळ दोहोंत वेगळे निघणे ही इथे नेहमीची बाब आहे. जानेवारी 2024 पासून खरेदीखताच्या वेळी वापर परवाना (आपल्याकडच्या भोगवटा प्रमाणपत्रासारखा) दाखवण्याची सक्ती राहिलेली नाही, म्हणजे तो नगरपालिकेत जाऊन पाहण्याची जबाबदारी खरेदीदारावर आली. भाव फार कमी असेल, तर घरात तहहयात राहण्याचा हक्क असलेली एखादी वृद्ध व्यक्ती आहे का, किंवा जुन्या कराराचा भाडेकरू आहे का, हे विचारावे. पोर्तुगीज येत नसेल तर खरेदीखताच्या वाचनाला दुभाषा लागतो. मध्यस्थाचे कमिशन सहसा विक्रेता देतो, तेव्हा त्याची निष्ठा कुठे असेल हे उघड आहे. वकील आपला, मध्यस्थाने न सुचवलेला असावा. लग्न कोणत्या मालमत्ता-व्यवस्थेखाली झाले आहे, म्हणजे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक की वेगवेगळी, असाही प्रश्न दस्तात येतो. गोव्यातले दाम्पत्य याचे उत्तर लगेच देईल, कारण पोर्तुगीज दिवाणी संहितेचा तो वारसा तिथे अजून चालू आहे. महाराष्ट्रातले दाम्पत्य गोंधळते, म्हणून वकिलाशी आधीच बोलून ठेवावे.

पर्यटकांना भाड्याने देऊन हप्ते फेडू, हा हिशेबही जपून मांडावा. 2023 च्या कायद्याने बहुतेक भागांत सदनिका पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी लागणाऱ्या नव्या नोंदण्या थांबवल्या, 2024 च्या अखेरीस ती बंदी उठली आणि अधिकार नगरपालिकांकडे गेले. आज जे चालते ते पुढच्या निवडणुकीनंतर चालेलच असे नाही. परवडणाऱ्या घरांसाठी एप्रिल 2023 मध्ये लिस्बनच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले होते. बंद दारे-खिडक्यांच्या परदेशी मालकांविषयीचा त्यांचा राग मला तरी गैर वाटत नाही.

भारताकडची बाजू थोडक्यात सांगते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात आणि अशा कामासाठी दहा लाख रुपयांवरील रकमेवर बँक 20 टक्के कर आधी कापून घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. परदेशातले घर विवरणपत्रात दाखवले नाही, तर 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो.

आपल्याला विनंती इतकीच की, परदेशी मालमत्तेच्या जाहिराती घेताना, केवळ घरखरेदीने निवास परवाना मिळतो की नाही, हे जाहिरातदाराने ठळक अक्षरांत लिहावे, अशी अट आपण घालावी.

आपली,
एक मराठी वाचक, लिस्बन